‘अवकाशाचे आकर्षण’ की ‘अंतराळाची ओढ’?

प्रश्न : शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘माणसाला पृथ्वीबाहेरच्या जगाचे एवढे वेड का’ या विषयावर लेख लिहीत आहे. शीर्षक ‘अवकाशाचे आकर्षण’ असे द्यावे, ‘अंतराळाची ओढ’ असे द्यावे, की ‘आकाशाचे कुतूहल’? हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

उत्तर : वर्तमानपत्रांत ते एकमेकांच्या जागी सर्रास येतात, परंतु आपला विषय ‘वेड का’ हा असल्यामुळे येथे निवड विचारपूर्वक करावी, कारण प्रत्येक शब्दामागचे वेड निराळे आहे.

‘आकाश’ म्हणजे जे डोळ्यांना दिसते ते. ‘आकाश’, ‘प्रकाश’ आणि ‘अवकाश’ या तिन्ही शब्दांत ‘काश्’ म्हणजे प्रकाशणे, दिसणे हा एकच धातू आहे. आकाशाचे वेड सर्वांत जुने, आणि माणसाने तेथे आपल्या गोष्टी नेऊन ठेवल्या हे त्याचे लक्षण. ग्रीकांनी ज्या ताऱ्यांत एका राजघराण्याची कथा पाहिली, त्याच ताऱ्यांना मराठीत देवयानी, शर्मिष्ठा, ययाती आणि वृषपर्वा अशी महाभारतातली नावे मिळाली.

‘अंतराळ’ म्हणजे मधली जागा. मंदिराच्या रचनेत सभामंडप आणि गर्भगृह यांना जोडणाऱ्या भागालाही ‘अंतराळ’च म्हणतात. जेथे माणूस स्वतः जातो त्या प्रदेशासाठी हा शब्द रुळला, हे मला फार समर्पक वाटते, कारण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे मुंबई-नागपूर अंतराहूनही बरेच जवळ फिरत असते; विश्वाच्या मानाने तो उंबरठाच होय. १९८४ मध्ये राकेश शर्मा आणि २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळात गेले, तेव्हा देशभर जी उत्सुकता होती तिचा विषय आपल्यातला माणूस होता : तो काय खातो, कसा झोपतो, त्याला खाली काय दिसते. ‘ओढ’ हा शब्द येथेच शोभतो.

‘अवकाश’ या शब्दाशी मात्र थोडे थांबायला हवे. हिंदीत त्याचा रूढ अर्थ रजा असा आहे आणि तेथे या क्षेत्रासाठी ‘अंतरिक्ष’ वापरतात. म्हणून हिंदीतले ‘भारतीय अंतरिक्ष अनुसंधान संगठन’ मराठीत ‘भारतीय अवकाश संशोधन संस्था’ होते. मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा आणि मोकळा वेळही. ‘परीक्षेला अजून अवकाश आहे’, ‘पाऊस थांबण्याचा अवकाश, की मुले अंगणात’ असे आपण रोज बोलतो, आणि ‘सावकाश’ म्हणजे अवकाशासह, हे तर सहसा ध्यानातही येत नाही. भौतिकशास्त्रात ‘अवकाश-काल’ अशी जोडी लिहावी लागते. आपल्या बोलीत या एका शब्दाने दोन्ही बाजू आधीपासूनच सांभाळल्या आहेत.

वेडाचे खरे कारण मला येथे दिसते. मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आसपास, गावच्या दिव्यांपासून दूर, रात्रीच्या पहिल्या प्रहरी देवयानी तारकासमूहात नुसत्या डोळ्यांनी एक धूसर ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा प्रचंड समूह. तिचा जो प्रकाश त्या क्षणी डोळ्यांत शिरतो तो सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी, आजचा मानव अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, निघालेला असतो. दूर पाहणे म्हणजेच मागे पाहणे, हे एकदा कळले की ‘आपण कोठून आलो’ हा प्रश्न नकाशावर दाखवता येण्याजोगा होतो. इतर कोणतेही दृश्य माणसाला त्याचा भूतकाळ असा प्रत्यक्ष दाखवत नाही.

राहिला ‘आकर्षण’. गुरुत्वाकर्षणामुळे या विषयात तो पारिभाषिक झाला आहे. भास्कराचार्यांनीही ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या ‘आकृष्टिशक्ती’चा उल्लेख केला आहे. ‘अवकाशाचे आकर्षण’ वाचून एखादा विद्यार्थी ग्रहांच्या परस्परांवरील ओढीचा विचार करू लागला, तर त्याचे काही चुकले नाही. शिवाय आकर्षणात माणूस खेचला जातो, कुतूहलात तो स्वतः होऊन विचारतो. म्हणून माझी शिफारस ‘अवकाशाचे कुतूहल’ अशी आहे.

भर : वरील विवेचन मान्य आहे, पण ‘वेड’ हा शब्द सोडू नये. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ उतरताना ज्यांनी श्वास रोखून दूरचित्रवाणी पाहिली, त्यांतल्या अनेकांना कक्षा म्हणजे काय हेही सांगता आले नसते. २०१९ मध्ये चंद्रयान-२ च्या लँडरशी अगदी शेवटी संपर्क तुटला होता आणि ती आठवण ताजी होती. त्यांच्या भावनेला कुतूहल म्हणणे अपुरे ठरेल. जीव टांगणीला लागणे हाच तिच्यासाठी नेमका वाक्प्रचार आहे.

उत्तर : सूचना योग्य आहे. शीर्षकात ‘कुतूहल’ ठेवून चंद्रयानाच्या परिच्छेदात ‘वेड’ जरूर वापरावे. मात्र सामासिक शब्दांत रूढीच पाळावी : ‘अंतराळवीर’ लिहावे, ‘अवकाशवीर’ नको, आणि भौतिकशास्त्रातली वक्रता अवकाशाचीच म्हणावी, अंतराळाची नव्हे.