शिल्पवाट: पूररेषेच्या आतलं पोकळ शिल्प, पाया किती?

प्रश्न: नदीकाठी कॉर्टेनचं (गंजाचाच थर ज्याला पुढच्या गंजापासून वाचवतो ते पोलाद) पोकळ शिल्प बसवायचं आहे. बाहेरून आकारमान १ घनमीटर, वजन ३०० किलो. काँक्रीट किती लागेल?

उत्तर: सीलबंद असेल तर पूर्ण बुडाल्यावर पाणी १००० किलोने वर ढकलणार. वजन वजा जाता ७००. पाण्यातलं काँक्रीट घनमीटरला जेमतेम १४०० किलो भरतं, म्हणजे अर्धा घनमीटर नुसता तोल साधायलाच. प्रवाहाचा रेटा, ओंडक्यांचा मार वेगळा. त्यापेक्षा तळाला आणि माथ्याला भोकं ठेवा. पाणी शिरेल, हवा सुटेल.

प्रश्नकर्ता: २० मिमी चालतील?

उत्तर: गाळाने बुजतील. ५० ठेवा. जाळी नकोच, पालापाचोळा अडकतो.

दुसरं उत्तर: कॉर्टेन कशाला? सतत ओलं राहिलं तर संरक्षक थर धरत नाही, गंज चालूच. स्टेनलेस बोल्ट वापरलेत तर नायलॉनचे वॉशर आणि बुश (बोल्टभोवतीची नळी) घाला, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकून कॉर्टेन आणखी गंजणार नाही.