लहान भावाला एमएमएच्या लढतीत उतरवावं का?

दारव्ह्याचा दादा : नमस्कार मंडळी. भाऊ १९ वर्षांचा, वजन ६४ किलो. लहानपणापासून मातीतली कुस्ती, गावोगावच्या दंगलीत नाव आहे. एमएमएच्या (पिंजऱ्यातली लढत, ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं) एका आयोजकाने विचारलं : तीन आठवड्यांनी लढत, तीही थेट प्रोफेशनल, फ्लायवेट वजनगटात. विदर्भातली पोरं पुढे आणायची, असं ते म्हणतात. आई नको म्हणते, तो ऐकत नाही. काय करू?

वऱ्हाडी मल्ल : दादा, ही लढत नकोच. फ्लायवेट म्हणजे ५६.७ किलो. सात किलोच्या वर उतरवायचं, तेही तीन आठवड्यांत? शेवटी पाणीच तोडावं लागते, आणि आपल्याकडच्या उन्हात ते किडनीवर येते. फेदरवेट वजनगटाची मर्यादा ६५.८ किलो आहे, पोट्टं जेवूनखाऊन त्यात बसते. आयोजक त्याला तयार नसेल तर त्याला फक्त त्या दिवसाच्या लढतींच्या यादीतली रिकामी जागा भरायची आहे.

दुसरं, कुस्तीच्या सवयी. चीत होऊ नये म्हणून पैलवान पालथा पडतो. पिंजऱ्यात पाठ दिली की गळ्याखालून हात गेलाच. पट काढताना मान खाली राहिली की समोरचा ती काखेत आवळतो. आणि थाप द्यायला, म्हणजे हाताने थोपटून हार मानायला शिकवा! आपली पोरं लाजेखातर देत नाहीत, मग शुद्ध हरपते.

अमरावतीची ताई : आयोजक वाईटच असतात असं नाही हो. पूजा तोमर २०२४ मध्ये यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या जागतिक स्पर्धेत जिंकली, पहिली भारतीय महिला. त्याआधी ती इथल्याच मॅट्रिक्स फाइट नाइट या एमएमए स्पर्धेची चॅम्पियन होती. देशात लढती झाल्या नाहीत तर पोरं तयार कुठं होणार? पण आधी हौशी लढती मागा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सीच्या चाचण्या दोघांच्याही होतात का, पिंजऱ्याजवळ डॉक्टर असतो का, हात मोडला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, हे विचारा. उत्तर कागदावर घ्या. प्रतिस्पर्ध्याच्या आधीच्या लढतीही बघा.

दारव्ह्याचा दादा : खूप आभार. जमिनीवरच्या पकडी शिकायला जिऊ-जित्सू लागतं म्हणतात, पण आमच्याकडे ते शिकवणारं कोणी दिसत नाही.

वऱ्हाडी मल्ल : मग ज्युदोवाला गाठा. जमिनीवरची पकड आणि गळा आवळणं त्यांच्याकडेही शिकवतात. सहा महिने तरी जाऊ द्या, मग हौशी लढतीचं बघा.