हॉस्पिसमध्ये 'ते' इंजेक्शन देतात का? मदत हवी आहे, अर्जंट

वारणाकाठ :
नमस्कार. सरळच विचारतो. पुण्या-मुंबईला हॉस्पिस म्हणून जे असतंय, बरं न होणाऱ्या पेशंटला शेवटी ठेवतात ते, तिथं पेशंट ठेवला तर शेवटाला इंजेक्शन देऊन सोडवतात का? आण्णा रोज म्हणत्यात मला सोडवा, परवा तर माझ्यापुढं हात जोडले. थोरला भाऊ कॅनडात आहे, तो म्हणतोय इकडं कायदेशीर आहे, हॉस्पिसमध्येच होतं, तू पुण्यात चौकशी कर. आई म्हणते हॉस्पिसचं नाव घरात काढायचं नाही, तिथं माणूस मारायला नेतात. मला दोघांना उत्तर द्यायचंय. फी किती, कागद काय लागतात ते पण सांगा. ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा.

भडंगप्रेमी :
आजार काय? वय काय? कुठं ॲडमिट आहेत? काहीच लिहिलं नाही राव.

कोरेगावचे_आप्पा :
धीर धरा. आमच्या मेहुण्यांच्या वेळी आम्ही एकच चूक केली, मृत्युपत्र राहून गेलं. शुद्धीत आहेत तोवर डॉक्टरचा दाखला जोडून करून घ्या, नाहीतर सातबाऱ्यावर वारसनोंद करताना तलाठ्याकडं चपला झिजतात. आम्ही अजून घालतोय हेलपाटे.

वारणाकाठ :
आप्पा, सातबाऱ्याचं कोणी विचारलं नाही. कॅन्सर आहे, घरीच आहेत, डॉक्टरांनी सांगितलं आता घरी न्या. वाळवा तालुका. पुढं बोला.

मिरजेची_सिस्टर :
कॅन्सर कशाचा, दुखतंय कुठं, दुखण्यावर काय चालू आहे आणि किती वाजता देता, हे लिहा. तोवर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नाही. भारतातल्या कुठल्याच हॉस्पिसमध्ये तसलं इंजेक्शन देत नाहीत, देताच येत नाही, गुन्हा आहे तो. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, तिथं पैसे घेत नाहीत आणि घरचं माणूस पेशंटजवळ राहू शकतं. दुखणं, धाप, उलट्या, जखमेचा वास, रात्रीची तगमग, हे बघायचं काम असतं तिथलं. कितीतरी पेशंट औषध बसवून परत घरी जातात. आईंना हे वाचून दाखवा.

टोरांटोतला_सातारकर :
तुमचे भाऊ अर्धं बरोबर सांगतायत. कॅनडात २०१६ पासून कायदा आहे, डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर इंजेक्शन देतात, पण हॉस्पिसमध्येच होतं असं नाही. काही हॉस्पिस करू देतात, काही दारात उभं करत नाहीत. ब्रिटिश कोलंबियात एका हॉस्पिसनं नाही म्हटलं तर सरकारी पैसा बंद झाला, लय गाजलं इकडं. अमेरिकेत ओरेगॉनला १९९७ पासून आहे, तिथं औषध पेशंटनं स्वतः घ्यायचं असतं, आणि असं औषध घेणाऱ्यांतले दहातले नऊ जण आधीच हॉस्पिसकडं नाव घातलेले असतात. म्हणजे हॉस्पिस मिळालं की कोणी मरण मागत नाही असं काही जण म्हणतात, ते काही खरं नाही.

निवृत्त_मास्तर :
ही तुलनाच चूक. हॉस्पिस उभं केलं सिसिली साँडर्सबाईंनी, लंडनला, १९६७ साली, आणि त्या स्वतः अशा कायद्याच्या विरोधात होत्या. एकदा इंजेक्शन स्वस्त पडायला लागलं की वर्षभर माणूस सांभाळायला सरकार पैसे कशाला देईल?

टोरांटोतला_सातारकर :
मास्तर, बेल्जियमनं २००२ साली दोन्ही कायदे एकाच वर्षी केले, इच्छामरणाचा पण आणि पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायच्या सेवेचा पण. तिथं दोन्ही कामं करणारी तीच माणसं आहेत.

निवृत्त_मास्तर :
बेल्जियमचं बेल्जियमला. इथं पीएचसीत ओआरएस मिळत नाही.

जयसिंगपूर_पाटील :
आपल्याकडं हे नवीन आहे का? विनोबांनी १९८२ ला पवनारला अन्नपाणी सोडलं, सावरकरांनी १९६६ ला प्रायोपवेशन केलं. आमच्या जैनांत तर सल्लेखना, म्हणजे व्रत घेऊन अन्नपाणी सोडणं, आहेच, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ ला कुंथलगिरीला घेतली. माझ्या आजीनं घेतली तेव्हा गल्ली लोटली होती दर्शनाला. २०१५ ला राजस्थान हायकोर्टानं संथारा (सल्लेखनाच ती) म्हणजे आत्महत्या ठरवली, त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. आण्णांना विचारा जेवण सोडायचंय का.

मिरजेची_सिस्टर :
पाटील, तुमच्या आजींबद्दल आदर आहे, पण व्रत घेणारं माणूस वेदनेनं लोळत नसतं. हे आण्णा जेवण सोडायचं म्हणतायत का दुखणं थांबवा म्हणतायत, ते तरी कळू दे आधी. वारणाकाठ, मी काहीतरी विचारलंय.

गव्हांकुर_१०८ :
गव्हांकुराचा रस आणि देशी गाईचं गोमूत्र, चाळीस दिवस. आमच्या काकूंना फरक पडला. नंबर व्यनि करतो.

भडंगप्रेमी :
काकू आहेत का आता?

गव्हांकुर_१०८ :
तो विषय वेगळा आहे.

तासगावचा_वकील :
कागदांचं विचारलंय म्हणून लिहितो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं लिव्हिंग विल मान्य केलं, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. त्यात एवढंच लिहिता येतं की सुधारायची आशा संपली आणि मला सांगता येईना झालं तर व्हेंटिलेटर वगैरे लावू नका, लावलेलं काढा. ते सुद्धा डॉक्टरांची दोन बोर्डं हो म्हणाल्यावर. मारायची परवानगी त्यात नाही. आणि आप्पा म्हणतात ते मृत्युपत्र वेगळं, दोन्हीची गल्लत करू नका.

कोरेगावचे_आप्पा :
पण सातबाऱ्याचं बघाच.

वारणाकाठ :
उशीर झाला, लाईट नव्हती. प्रोस्टेटचा आहे, हाडात गेलाय, वय ७४. कंबर आणि उजवी मांडी. ट्रॅमाडॉल चालू आहे, पण आम्ही लगेच देत नाही, अगदीच ओरडायला लागले की देतो, मेडिकलवाला म्हणाला सवय लागंल. रात्री कॉटचा दांडा धरून पडत्यात, सकाळी बोटं सरळ होत नाहीत, आई कोमट पाण्यात धरती. संडास सहा दिवस नाही. याचा आणि माझ्या प्रश्नाचा काय संबंध?

मिरजेची_सिस्टर :
संबंध?? अहो चौऱ्याहत्तर वर्षांचा हाडात कॅन्सर गेलेला माणूस, त्याला कसली सवय लागायचीय! ओरडल्यावर गोळी द्यायची नसते, घड्याळावर द्यायची असते, पहिलीचा असर उतरायच्या आत दुसरी. ट्रॅमाडॉल पुरत नाही हे दिसतंयच, मॉर्फिन लागेल. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चार तासांचा असतो, कमी डोसनं सुरू करून वाढवत नेतात, तशी नीट दिली तर मरण लवकर येत नाही. २०१४ ला अमली पदार्थांचा कायदा बदलून मिळणं सोपं केलं, तरी पुष्कळ डॉक्टर लिहायला कचरतात. ज्या हॉस्पिटलनं घरी पाठवलं त्यांनी फोनवर विचारायला पाहिजे होतं, असो. उद्याच्या उद्या फाईल घेऊन जिथं पॅलिएटिव्हची ओपीडी आहे तिथं जा, पेशंटला ओढत नेऊ नका. हाडाच्या दुखण्याला एखाद्या वेळच्या रेडिएशननं पण आराम पडतो, ते विचारा. संडासाचं औषध मॉर्फिनबरोबर रोज लागतं, न सांगता मागा. सहा दिवसांचं आज आधी मोकळं करून घ्या, फॅमिली डॉक्टरला घरी बोलवा. आणि पायात ताकद कमी झालीय, मुंग्या येतायत, लघवी अडलीय असं काही असेल तर ओपीडीची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा, मणका दबला असेल.

निवृत्त_मास्तर :
बघा, हेच मी म्हणत होतो.

टोरांटोतला_सातारकर :
तुम्ही हे म्हणत नव्हता मास्तर.

वारणाकाठ :
सगळ्यांना. पायात ताकद आहे, लघवी होते. फाईल घेऊन जाऊन आलो, मॉर्फिन मिळालं, रेडिएशनचं बुधवारी बघू म्हणालेत. तीन दिवस झाले. काल रात्री आण्णा सलग चार तास झोपले, दांडा धरला नाही. उठल्यावर पहिलं विचारलं, मळ्यातल्या उसाला तोड आली का. आई चुलीपुढं बसून रडली. भावाला फोन लावून दिला तर त्याच्याशी पण उसाचंच बोलले. पण आज सकाळी अंग पुसताना परत म्हणाले, सोडव की रं. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले. मग काय, म्हटलं, तर गप्प बसले. सिस्टर, याला काय गोळी आहे?

मिरजेची_सिस्टर :
याला नाही. जवळ बसून ऐकायचं, लगेच असं बोलू नका म्हणून गप्प करायचं नाही. कशाची भीती वाटते ते विचारा, तुमच्यावर भार होतोय असं वाटतं का ते पण. बुधवारी ओपीडीत डॉक्टरांना हेच शब्द सांगा. एका कुशीवर पडून असतात ना? पाठ बघितली का? माकडहाडावर लाल झालं असेल तर एअरबेड घ्या.

वारणाकाठ :
लाल आहे. जुना एअरबेड कुणाकडं पडून असेल तर सांगा, इस्लामपूर-आष्ट्यापर्यंत गाडी घेऊन येतो.

कोरेगावचे_आप्पा :
मेहुण्यांचा आहे. पंप चालू आहे. सोमवारी कराडपर्यंत घेऊन येतो, स्टँडवर या.