म्वान्झाला शुक्रवारी निघणाऱ्या मुलासाठी मलेरियाच्या गोळ्या

सचिव, उपांगा (दार-ए-सलाम):
मंडळी, आरतीला तबला धरणारा आपला मुलगा 6 आठवडे टांझानियातच म्वान्झाच्या साइटवर चाललाय. कंपनीने मच्छरदाणी दिली, गोळ्यांचं नावच नाही. आपल्या औषधांच्या पेटीतलं कोआर्टेम, मलेरियावरच्या गोळ्या, त्याला द्यायचं का? पेटी वहिनींकडेच ना?

वहिनी:
पेटी माझ्याकडे, किल्लीही माझ्याकडेच. 24 गोळ्यांचं एकच पाकीट आहे. मागच्या खेपेला कोणीतरी 4 गोळ्या काढून पाकीट तसंच ठेवलं होतं. अर्धवट कोर्स कोणाच्या कामाचा? यापुढे वहीत सही केल्याशिवाय काही मिळणार नाही. आणि कोआर्टेम ताप आल्यावरचं. मलेरिया होऊच नये म्हणून मॅलरोनच्या गोळ्या. निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, परतल्यावर आणखी 7 दिवस. उद्याच डॉक्टरांकडे पाठवा.

काका, अरुशा:
इतकी वर्षं इथे आहे, एक गोळी घेतली नाही. आपण मुंबईच्या डासांत वाढलेले, अंगाला सवय असते. आईला पुण्याहून क्लोरोक्विन पाठवायला सांगा, स्वस्त पडेल.

किसुमूहून (केनिया):
काका, राग मानू नका. क्लोरोक्विनला इथला फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा इथला जंतू, जुमानत नाही, आणि लहानपणीच्या मलेरियाने अंगात आलेली प्रतिकारशक्ती आता उरलेली नसते. मीही तसंच समजून दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. तिसऱ्या रात्री हुडहुडीने पलंग हलत होता, तेव्हा कुठे टेस्ट केली. पट्टीवर दुसरी रेघ लगेच उमटली, म्हणजे मलेरियाच. कोआर्टेमचे 6 डोस, दर वेळी 4 गोळ्या. पहिल्यानंतर 8 तासांनी दुसरा, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. चौथ्या डोसला ताप उतरला आणि मी थांबणार होतो. उरलेल्या 8 गोळ्या बायकोने समोर बसून घ्यायला लावल्या. दुधाबरोबर घ्या, नाहीतर नीट शोषल्या जात नाहीत.

नैरोबीहून:
दूधच असं नाही, तूप-भातही चालतो. तासाभरात उलटी झाली तर तो डोस परत घ्यायचा. उलट्या थांबत नसतील किंवा माणूस बरळायला लागला तर गोळ्यांच्या नादी न लागता थेट हॉस्पिटल. आमच्याकडे उंचीमुळे धोका कमी, म्हणून लोक किनाऱ्यावरच्या मोम्बासालाही गोळ्यांशिवाय तसेच जातात. त्यांना कोण सांगणार?

वहिनी:
मुलगा येऊन कोआर्टेमचं पाकीट घेऊन गेला, ताप आलाच तर म्हणून; सही केली. पेटीतल्या टेस्ट किटची मुदत संपलीय, उपांग्यातून कोणीतरी आज संध्याकाळपर्यंत दोन आणा. काम संपलं की तो सांगलीला सुट्टीवर जाणार आहे. तिथे ताप आला तर ‘टांझानियातून आलोय’ हे डॉक्टरांना आधी सांगायचं, असं पाकिटावर लाल पेनने लिहून दिलंय.