गावची वेस पाडावी का?

वेशीपासून तिसरं घर:
२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावची (बारामती तालुका) दगडी वेस पाडायचा विषय आहे. कारण एकच, उसाची ट्रॉली कमानीतून जात नाही. मी नोकरीला पुण्यात, घर आणि सातबारा गावात. माझं म्हणणं, वेस पाडू नये.

आत शिरताना डाव्या हाताला अडसराचं भोक आहे. हात कोपरापर्यंत आत जातो. लहानपणी आम्ही पैज लावून हात घालायचो. रोजचं लाकूड ओढून-सरकवून तिथला दगड आतून पाटा-वरवंट्यासारखा गुळगुळीत झालाय. वरची पांढऱ्या मातीची भिंत ढासळलीय हे मान्य, पण ती नीट करता येते. फक्त चुन्यात करा. सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि जुन्या दगडाचे पापुद्रे सुटतात.

डावा कालवा:
दादा, पुण्यात बसून वेस राखणं सोपं आहे. मागच्या हंगामात माझा तोडलेला ऊस दीड दिवस फडात पडून होता. ऊसतोडीची टोळी मोकळी, ट्रॅक्टर वेशीच्या पलीकडं. ऊस वाळला की काट्यावर वजन घटतं, ती घट कुणी भरून देत नाही. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, तेव्हा या गावाला अन्न लागलं. आमचा इतिहास तो आहे.

आणि पुण्याचं काय? १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठचे वाडे वाहून गेले. राहिले त्यातले कितीतरी तुम्हीच पाडून इमारती बांधल्या. तिथं कुणी हात धरला नाही, आम्हालाच अडवता.

वेशीपासून तिसरं घर:
वाडे पाडले हे खरं. एका वाड्यात मी भाड्यानं राहत होतो. सागवानी तुळया दोन दिवसांत टेम्पोत गेल्या. आज त्या जागेवरून जाताना चौक कुठं होता ते मलाही सांगता येत नाही. म्हणूनच इतक्या तळमळीनं लिहितोय.

कालव्याआधी काही नव्हतं, असं म्हणू नकोस. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनं शेतकऱ्यांचं गाव निघालं. धान्याचं कोठार निघालं, पाण्याचा पाटसुद्धा.

चिंचेखाली:
पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्या, प्रश्न मिटेल.

डावा कालवा:
मिटत नाही, वाढतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद. वेशीला लागून तीस-चाळीस घरं आहेत, पोरांची लग्नं झाल्यावर खोली कुठं काढायची त्यांनी?

पणजोबा वेसकर:
दोघंही वेस आपलीच असल्यासारखं बोलताय. आमचं घर वेशीच्या बाहेर होतं, का होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पणजोबा वेसकर. रात्री दार लावायचं, पहाटे उघडायचं आणि झोपायला परत बाहेर. १९५८ च्या कायद्यानं गावकामाची ही पिढीजात वतनं गेली तेव्हा आजोबांनी गावात पेढे वाटले होते.

तरीही मी पाडायच्या विरोधात आहे. बाहेरच्या अंगाला जी देवळी काजळलेली आहे, तिच्यात पणजोबा दिवा ठेवायचे. त्यांचा फोटो नाही, जमीन नाही, नावाची पाटी नाही. ती काजळी तेवढी आहे. वेस पडली तर पाटलांचा वाडा राहील, आम्ही कुठं होतो ते मात्र दिसणार नाही. ठेवायची असेल तर तिथं फलक लावा, आणि कोण आत होतं, कोण बाहेर होतं, ते त्यावर स्पष्ट लिहा.

डावा कालवा:
हे मला माहीत नव्हतं. देवळी रोज बघतो, कधी विचारलं नाही.

पण ट्रॉलीचं काय? ओढ्याकडची पाणंद, म्हणजे शेताकडची गाडीवाट, मोकळी झाली तर वेशीतून जायची गरजच नाही, हे मी चार वर्षं सांगतोय. नकाशात पाणंद आहे, जागेवर नाही. दादा, राग मानू नका, पाणंदीत सगळ्यात पुढं आलेला गोठा तुमच्या चुलत्यांचा आहे.

वेशीपासून तिसरं घर:
राग नाही. गोठा पाणंदीत आहे, आणि तो बांधताना पत्रे धरायला मीही होतो.

फलकाचा विषय मी ग्रामसभेत मांडतो, मजकूर वेसकरांच्या घरून येऊ दे. रविवारी पहिल्या एसटीनं येतो. आधी चुलत्यांशी बोलतो, मग तू टेप घेऊन ओढ्यापाशी ये. गोठा किती आत घ्यावा लागेल ते मोजू.