अनुभव धागा: जॉन प्राइनचा ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ कसा ऐकायचा, कसा वाजवायचा

धागाकर्ती
‘फेअर अँड स्क्वेअर’ (२००५) नंतर तब्बल तेरा वर्षांनी, १३ एप्रिल २०१८ रोजी, अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइनचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा हा अल्बम आला. वय ७१. बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत थेट पाचवा क्रमांक. एवढ्या वर त्याचा आधीचा एकही अल्बम गेला नव्हता. तरीही नवे श्रोते तिसऱ्या गाण्यापाशी थांबतात आणि ‘आवाज फाटलाय, चाली सारख्याच’ म्हणतात. जाणकारांनी नेमकं लिहावं. ‘भारी आहे’, ‘अंगावर काटा आला’ हे प्रतिसाद नकोत.

खर्ज
आवाजापासून सुरुवात. १९९८ मध्ये मानेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, वर रेडिएशन. त्यानंतर आवाज खाली उतरला आणि खरखरीत झाला. २०१३ मध्ये डाव्या फुप्फुसाचीही शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे इथे लांब धरलेले सूर फारसे नाहीत. ओळी छोट्या आहेत आणि श्वास घ्यायच्या जागा वाक्यातच आहेत. ही मर्यादा लपवलेली नाही, तिच्या मापाने गाणी बेतली आहेत.

आधी १९७१ चा पहिला अल्बम ऐकून लगेच हा लावला, तर दचकायला होतं. मध्ये ‘फेअर अँड स्क्वेअर’ ऐका, कान तयार होतो.

गाणाऱ्यांसाठी: खरखरीची नक्कल करू नका. घसा दाबून काढलेला आवाज दोन कडव्यांत बसतो. त्यापेक्षा पट्टी उतरवा. गिटारच्या सहाही तारा एक-एक पूर्ण स्वर खाली लावल्या (जाड तारेपासून डी, जी, सी, एफ, ए, डी) तर ओळखीचेच कॉर्ड धरून खालच्या पट्टीत गाता येतं. तारा फारच सैल वाटल्या तर थोड्या जाड तारांचा संच चढवा.

तबकडीवाला
दहा गाणी, सगळी मिळून ३२ मिनिटांच्या आसपास. म्हणजे तबकडीच्या एका बाजूला साधारण सोळा मिनिटं. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला बावीस-तेवीस मिनिटांच्या पुढे गेलं की खाचा दाटतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते. इथे तो प्रश्नच नाही.

फोनवर ऐकत असाल तर शफल बंद करा. ‘आय हॅव मेट माय लव्ह टुडे’ दोन मिनिटांचंही नाही. ते सुटं लागलं तर अर्धवट वाटतं, पहिल्या गाण्याच्या धडाक्यानंतर आलं की बरोबर बसतं. आणि बेस वाढवणारी सेटिंग काढा. आवाज मुळातच खालचा, त्यात बेस चढवला की शब्द गिळले जातात.

ध्वनिमुद्रण नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मधलं, निर्माता डेव्ह कॉब. मोठी खोली, मोजकी वाद्यं. मागच्या गायनात ब्रँडी कार्लाइल, जेसन इस्बेल, अमांडा शायर्स आहेत, पण कोणी पुढे पुढे करत नाही.

अंगठा
चाली सारख्या वाटतात कारण उजव्या हाताचा पाया एकच: ट्रॅव्हिस पिकिंग. अंगठा बेसच्या तारांवर आळीपाळीने, चारही मात्रांवर, न थांबता. तर्जनी आणि मधलं बोट वरच्या तारांवर, बहुतेक दोन मात्रांच्या मध्ये.

सर्वांत बारीक तार पहिली धरून, अंगठ्याचा क्रम असा. सी कॉर्ड: ५-४-५-४. जी: ६-४-६-४. डी: ४-३-४-३. तर्जनी दुसऱ्या तारेवर, मधलं बोट पहिलीवर. पहिल्या मात्रेला अंगठा आणि मधलं बोट एकत्र चिमटीत घेतलं की चालीचा सूर वर उठून येतो.

बिघडतं कुठे? बहुतेकांची तर्जनी अंगठ्याबरोबरच पडते. मग झुलता ठेका जातो आणि उरते नुसती ठोकाठोक. उपाय कंटाळवाणा आहे: मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून आधी नुसता अंगठा, कॉर्ड बदलतानाही न अडखळता. तो आपोआप चालायला लागला की एक बोट, मग दुसरं. वेग नंतर.

दुसरी चूक, बेस घुमत राहतो. तळव्याची कड ब्रिजच्या (गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवतात ती पट्टी) अगदी जवळ, जाड तारांवर हलकी टेकवा. स्वर ‘टुम्’ असा तुटक यायला हवा, पण सूर ओळखू आला पाहिजे. हात साउंडहोलकडे (मधल्या गोल भोकाकडे) सरकला की स्वर मरतो.

कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या, मागे अगदी चिकटून लावा. पट्टीपासून लांब राहिला तर तार झणझणते, फार आवळला तर सूर चढतो. लावल्यावर पुन्हा जुळवणं आलंच.

शब्दवेल्हाळ
अडखळायला होतं ते संदर्भांपाशी. ‘लोनसम फ्रेंड्स ऑफ सायन्स’मधला दुःखी प्लूटो म्हणजे २००६ मध्ये ग्रहपद गेलेला प्लूटो. त्याच गाण्यातला व्हल्कन हा अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराचा ओतीव लोखंडी पुतळा, ५६ फूट उंच. हे माहीत असलं की विनोद पोचतो, नाहीतर नुसती बडबड वाटते.

‘गॉड ओन्ली नोज’ या नावाचं बीच बॉइज या बँडचं प्रसिद्ध गाणं वेगळं. हे प्राइन आणि संगीत-निर्माता फिल स्पेक्टर यांचं जुनं, अपुरं राहिलेलं गाणं.

तशी अपुरी कागदपत्रं खोकीच्या खोकी भरून होती. घरच्यांनी त्याला नॅशव्हिलमधल्याच एका हॉटेलात आठवडाभर नेऊन बसवलं, बरोबर ती खोकी. गाणी तिथे मार्गी लागली.

खर्ज
श्रोत्यांबद्दल एक राहिलं. ७ एप्रिल २०२० ला कोविडमध्ये प्राइन गेला आणि तेव्हापासून अनेक जण हा अल्बम ‘निरोप’ म्हणून ऐकतात. मला हे पटत नाही. अल्बम आल्यावर तो जोरात दौरे करत होता. शेवटच्या ‘व्हेन आय गेट टू हेवन’मध्ये तो स्वर्गात गेल्यावर दारू, नऊ मैलांची सिगारेट आणि स्वतःचा नाइटक्लब असे बेत आखतो. त्या क्लबचंच नाव अल्बमला दिलंय.

शब्दवेल्हाळ
खर्ज, अर्धंच मान्य. ‘समर्स एंड’ घ्या. शब्दांत कुठेही अमली पदार्थ नाहीत, फक्त घरी परत ये अशी विनवणी. चित्रफीत मात्र वेस्ट व्हर्जिनियातल्या, ओपिऑइडच्या (अफूसारख्या वेदनाशामकांच्या) व्यसनाने पोळलेल्या कुटुंबाची निघाली, आणि अनेक अमेरिकन श्रोत्यांसाठी ते गाणं तेव्हापासून त्याच दुःखाचं झालं. प्राइन तेव्हा हयात होता. गाण्यात जागा मोकळी ठेवली की ऐकणारे आपलं माणूस तिथे बसवणारच. २०१९ च्या अमेरिकाना (अमेरिकन लोकसंगीताच्या मुळांवरचं संगीत) पुरस्कारांत वर्षाचं गाणं ‘समर्स एंड’ आणि वर्षाचा अल्बम हाच ठरला. त्याच वर्षी अमेरिकाना अल्बमचं ग्रॅमी मात्र ब्रँडी कार्लाइलला, म्हणजे याच अल्बममध्ये गायलेल्या बाईंना गेलं!

अंगठा
शेवटच्या गाण्यात कडवी नुसती बोललेली आहेत, धृवपद गायलेलं. घोळक्यात वाजवताना कडव्यांत गिटार थांबवा किंवा एकेक हलका स्ट्रोक द्या, आणि धृवपदाला सगळ्यांनी एकदम उठा. ते नाकात वाजल्यासारखं वाद्य म्हणजे काझू. त्यात फुंकायचं नाही, ‘डू डू’ असं गुणगुणायचं. फुंकलं तर नुसती हवा जाते. तोंडात रुंद बाजू धरायची, निमुळती बाहेर. आवाज नाहीच आला तर वरची गोल पडदी फाटलीय का बघा.