खाचराच्या बांधाला बिळं, पाणी टिकत नाही. सल्ला हवा

कातळवाट:
संगमेश्वर तालुक्यात आमची थोडी भातखाचरं आहेत. नोकरी मुंबईत, लावणीपुरता गावी येतो. यंदा संध्याकाळी तुडुंब भरलेलं खाचर सकाळी रिकामं. बांध चाचपला तर तीन बिळं. दोन अगदी पाण्यालगत, एक जरा वर. वरच्याच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग. शिवाय काजूच्या उतारावर एक मोठं भोक आहे, रांगतं मूल आत शिरेल एवढं. काका म्हणतात, सगळ्यांत औषध टाक आणि मोकळा हो. घरी कुत्रा आहे, पोरं आहेत. काय करू?

दोनबैली:
आधी कोण आहे ते बघा. आज संध्याकाळी तिन्ही बिळं चिखलाने बुजवा. सकाळी जे उघडलेलं दिसेल तेच चालू बीळ, बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

ढीगवालं घुशीचं असणार. ती आतून माती ढकलते आणि बऱ्याचदा तोंडही बुजवून घेते, म्हणून ढीग दिसतो पण भोक सापडत नाही. पुढे भात पिकायला लागलं की लोंब्या तोडून आतल्या कप्प्यात भरते. कापणीनंतर आम्ही बांध खणतो तेव्हा ओंजळभर भात निघतं, म्हणून बंदोबस्त आत्ताच करायचा.

काका म्हणतात ते झिंक फॉस्फाईड असेल, तर त्यावर उतारा नाही हे त्यांना सांगा. जाणते लोकसुद्धा आधी एक-दोन दिवस तेल चोळलेले नुसते तांदूळ ठेवून घुशीला सवय लावतात, मग विष थेट बिळात घालून तोंड बंद करतात. पोरंबाळं असलेल्या घरात मी ते आणणारच नाही. खणून काढा, नाहीतर चाप लावा. आणि उन्हाळ्यात बांध बारीक करा. आपल्याकडे बांध उगाच रुंद ठेवतात, घुशीला आयता वाडा मिळतो.

कुडाळी:
खालची दोन कुर्लीची. तोंडाशी चिखलाच्या गोळ्या आहेत का बघा. बांध आतून नीट लिंपून घ्या, गळती थांबेल. औषध तर अजिबात नको हो, रात्री बत्ती घेऊन जा आणि रस्सा करा!

सोनकी:
बिळात हात घालू नका. आयत्या बिळावर नागोबा ही नुसती म्हण नाही, साप स्वतः सहसा बीळ खणत नाहीत, घुशीचंच वापरतात.

रानवाटा:
उतारावरच्या भोकाला हात लावू नका, धूरही नको. तोंडाशी काटे किंवा कुरतडलेली हाडं पडली असतील तर साळिंदर. हाडं ते खायला नव्हे, चुन्यासाठी आणि दात झिजवण्यासाठी कुरतडतं. काटे नाहीत, भोक आतून मातीने बंद आणि आसपासची वारुळं फोडलेली असतील तर खवले मांजर असू शकतं. त्याला दात नसतात, लांब जिभेने मुंग्या-वाळवी टिपतं. तुमच्या काजूला ते काहीही करणार नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही संरक्षण आहे, खवले मांजर तर पहिल्या अनुसूचीत. त्याची तस्करी होते, त्यामुळे खात्री पटली तरी जागा गावभर करू नका, इथे फोटोही टाकू नका. वनखात्याचा 1926 क्रमांक आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्थाही खवले मांजरावर काम करते, त्यांना विचारा.

कातळवाट:
धन्यवाद मंडळी. सकाळी तिन्ही उघडी! खालच्या दोन्हींशी गोळ्या आहेत, कुडाळींचं बरोबर. बांध लिंपला, घुशीला चाप लावलाय.

मोठ्या भोकाशी काळापांढरा काटा मिळाला, वीतभर. काका तो हातात घेऊन बराच वेळ गप्प होते. गेल्या साली आमचे करांद्याचे कंद कोणीतरी रातोरात उकरून नेले होते आणि काका तेव्हापासून शेजाऱ्यांशी बोलत नाहीत.